गावच्या मिरासदार पूर्वजाचा माग कसा काढावा: सातबाऱ्यापासून मोडी रुमालापर्यंत

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा नावापासून सुरुवात करतो. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, त्यापलीकडे कुणालाच नीट न आठवणारा एखादा 'मूळ पुरुष', आणि मग आडनावांच्या याद्यांमध्ये शोधाशोध. या वाटेनं गेलेले पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या पिढीला अडकतात. काही जण तर कुठल्या तरी नामांकित घराण्याच्या वंशावळीला आपली फांदी चिकटवून मोकळे होतात. त्यांच्या पुढच्या पिढ्या मग तेच खरं मानून चालतात, आणि हे मला फार लागतं.

आपला पूर्वज जमीन धरून असलेला असेल, म्हणजे मिरासदार (वंशपरंपरेनं जमीन धरणारा), पाटील, कुळकर्णी, इनामदार, खोत (कोकणात गावाचा सारा गोळा करणारा) किंवा मालगुजार (नागपूरकडचा तसाच), तर खात्रीचा रस्ता वेगळा आहे. माणसाचा माग सोडा आणि जमिनीचा धरा. माणसं दुष्काळात परागंदा झाली, दत्तक गेली, आडनाव सोडून 'पाटील' लावू लागली. रान मात्र जागचं हललं नाही. त्या रानावर शेतसारा होता, म्हणून कुणी ना कुणी त्याची नोंद सतत करत राहिलं. आजच्या सातबाऱ्यावरून एकेक पायरी मागे उतरत गेलं, तर बऱ्याच गावांत इंग्रजी मोजणीपर्यंत आणि काही गावांत पेशवाईपर्यंत पोचता येतं. घाई केली नाही, तर.

आधी घरात विचारा, पण माणसांबद्दल नाही, रानांबद्दल

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "आपला मूळ पुरुष कोण?" असं विचारलं की लढाईची नाही तर वाघाची गोष्ट ऐकायला मिळते. त्याऐवजी विचारा: आपली रानं कोणकोणती होती? कोणत्या रानाला काय म्हणत? विहीर कुणी पाडली? बांध कुणाशी लागून होता? कोणतं वावर गेलं, कधी गेलं, कुणाकडे गेलं? रानाच्या नावांत इतिहास साठलेला असतो. 'इनामपट्टी', 'पाटीलकीचं रान', 'देवाचं वावर', 'हाडकी', 'गुरवकी' ही नावं म्हणजे त्या जमिनीचा मूळ हक्क कुठला होता त्याची खूण. एखाद्या रानाला तुमच्या नव्हे तर दुसऱ्याच आडनावाचं नाव असेल, तर ते आवर्जून टिपून ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

दुसरा प्रश्न भाऊबंदकीचा. "आपले भाऊबंद कोण?" याला उत्तर गोलमाल येतं. "कुणाच्या मयताला आपल्याला सुतक येतं?" याला नेमकं येतं. गावातली कोणती घरं सुतक पाळतात, कोणती फक्त दुखवट्याला येतात, आणि शेजारच्या कोणत्या गावातून सुतकाचा निरोप येतो, हे लिहून काढलं की एका मूळ घराच्या फांद्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. हे घरातल्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त पक्कं ठाऊक असतं, कारण स्वयंपाक, देवपूजा आणि सोयरीक या तिन्हींचा हिशेब त्यांच्याकडे असतो. आजीला, आत्याला, थोरल्या चुलतीला आधी विचारा.

मग ट्रंका आणि कोनाडे. साऱ्याच्या पावत्या, तगाईचे कागद, वाटणीपत्र, दत्तकपत्र, गहाणखत, कोर्टाचे हुकूमनामे, जुने स्टँपपेपर यांपैकी जे सापडेल ते उलगडण्याआधी आहे त्या घडीत फोटो काढून ठेवा. घडीवर फाटलेला कागद चिकटपट्टीनं जोडू नका. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि शाई घेऊन सुटते. देव्हाऱ्यातले टाकही बघा. कुलदैवताच्या टाकांबरोबर काही घरांत पूर्वजांचे, वीरांचे टाक असतात. त्यांची संख्या आणि कुणाचा टाक कुणी घडवला ही आठवण, दोन्ही उपयोगाची. कुलदैवत, देवक, पोळ्याचा किंवा होळीचा मान हेही नोंदवा. मानपानावरून झालेल्या तंट्यांचे कागद जुन्या दप्तरांत पुष्कळ आहेत, आणि त्या कागदांत पिढ्याच्या पिढ्या सांगितलेल्या असतात.

सातबाऱ्यावरून मागे

आता तलाठ्याकडचं काम. आज तुमच्या नावावर जमीन नसली तरी बिघडत नाही. ज्या रानाचं नाव घरात कळलं, त्याचा गट नंबर गावातून मिळवा आणि सध्या कुणाच्याही नावावर असलेला सातबारा काढा. तो सर्वांसाठी खुला असतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये कोणाचा हक्क, बारामध्ये काय पिकलं. आपल्याला हवेत ते सातमधल्या नावांजवळ लिहिलेले फेरफार क्रमांक. प्रत्येक क्रमांक म्हणजे एक दार. तो फेरफार, म्हणजे नमुना सहाचा उतारा, काढला की हक्क कसा बदलला ते कळतं: वारसानं, खरेदीनं, वाटपानं, बक्षिसानं की कोर्टाच्या हुकमानं. त्या फेरफारात आधीच्या धारकाचं नाव असतं. त्याच्या नावावर जमीन कशी आली हे आणखी जुन्या फेरफारात सापडतं. असे मागे मागे जात रहा.

वारसाच्या फेरफारात सगळ्यात जास्त ऐवज असतो. मयत कधी झाला, मुलगे किती, विधवा कोण, अज्ञान म्हणजे अल्पवयीन वारसाचा पालनकर्ता कोण, हे सगळं एका परिच्छेदात येतं. 'अ.पा.क.' दिसलं तर तो अज्ञान पालनकर्ता. 'ए.कु.' दिसलं तर थोरल्या भावाचं नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलं आहे, जमीन त्या एकट्याची नाही. धाकट्या भावांची नावं नाहीत म्हणून ते नव्हतेच, असा निष्कर्ष कधी काढू नका.

मागे जाताना एका ठिकाणी नंबर तुटतो. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण योजना आली. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि तुकड्यांची अदलाबदल झाली. त्या आधीचा कागद शोधायचा तर जुना सर्व्हे नंबर हवा. तो एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळतो. कचेरीत त्याला 'नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा' म्हणतात. तो भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मागा. हा दुवा नीट जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी स्वतः एकदा गट नंबरालाच सर्व्हे नंबर समजून शेजारच्या घराण्याचे फेरफार तीन महिने वाचत बसलो होतो.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानं गावांत फेरफाराची वही सुरू झाली. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात फेरफार क्रमांक एक साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सापडतो. त्या सुरुवातीच्या काळातलं कडई पत्रक मिळालं तर सोनं समजा. गावातल्या सगळ्या धारकांची नावं, हिस्से आणि बोजे त्यात एकत्र दिसतात.

जुन्या नोंदी तलाठ्याकडे कमी आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात जास्त असतात. नक्कल मागायचा अर्ज लिहून, कोर्ट फी तिकीट लावून द्यायचा. अर्जात गाव, तालुका, नंबर आणि नोंदीचा अंदाजे काळ स्पष्ट लिहा. "आमच्या घराण्याचे सर्व जुने कागद मिळावेत" असा अर्ज कुठल्याच कारकुनाला पुरा करता येणार नाही. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने सातबारे, फेरफार आणि जन्ममृत्यूच्या वह्या स्कॅन होऊन महाभूमीच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आल्या आहेत. आधी तिथे पाहा, मग कचेरीची पायरी चढा. कागद सापडत नाही असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. अभिलेख कक्षातला जाणता माणूस आपल्या बाजूनं असणं अर्जापेक्षा मोलाचं आहे.

फेरफाराच्याही मागे: मोजणीचे कागद

दख्खनमधली इंग्रजी रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची, मोजणी १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी तिची पद्धत बसवली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानंतर तीच इतर जिल्ह्यांत लागू झाली. तीस वर्षांनी फेरमोजणी. या मोजणीनं प्रत्येक शेताला नंबर दिला, नकाशा दिला आणि सारा ठरवला.

त्यातून तयार झालेली कागदपत्रं भूमी अभिलेखकडे असतात: टिपण, गुणाकार बुक, शेतवार पत्रक, आकारबंद, प्रतवारीचं पुस्तक. नंतर हिस्से पडले तेव्हाची फाळणी आणि कमी-जास्त पत्रकं. टिपण म्हणजे त्या एका शेताचं हातानं काढलेलं रेखाटन. त्यावर बांध, विहीर, ओढा आणि लगतचे नंबर दिसतात. नाव शोधायचं तर शेतवार पत्रक बघा, आणि शक्य असेल तिथे सूड पत्रक. एकोणिसाव्या शतकातली ही पत्रकं बहुधा मोडीत असतात.

इथे एक समज पक्की करून घ्यायला हवी. त्या काळी 'मालक' हा शब्द आजच्या अर्थानं नव्हता. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, विकता येणारी, पण सारा चुकता करायचा. उपरी माणूस वर्षाच्या किंवा ठरावीक मुदतीच्या कौलावर करायचा. त्याच रानावर पाटलाचा हक्क, देशमुखाचा हक्क आणि बलुतेदारांचं बलुतं हे सगळं वेगवेगळं. इंग्रजी मोजणीनं सारा भरणाऱ्याचं नाव खातेदार म्हणून लावलं आणि मिरासदार-उपरी हा फरक कागदावरून हळूहळू पुसला गेला. म्हणून १८६० च्या पत्रकात नाव आहे एवढ्यावरून तो घराण्याचा मूळ मिरासदार ठरत नाही. त्याच्या बापानं उपरी म्हणून येऊन ते रान कसायला घेतलेलं असू शकतं. तेही तितकंच आपल्या घराचं आहे. उपरी पूर्वजाची लाज वाटण्याचं काही कारण नाही.

जमीन इनामाची किंवा वतनाची असेल तर कागद वाढतात. दुमाला, म्हणजे सारा पूर्ण किंवा काही भाग माफ असलेल्या, जमिनींची नोंद गाव नमुना तीनमध्ये असते. इनामांची चौकशी करायला १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन नेमलं गेलं. त्याच्यापुढे लोकांनी सनदा दाखल केल्या, कैफियती दिल्या, मूळ संपादकापासून वंशावळी लिहून दिल्या. पाटीलकी-कुळकर्णाची घराणी असतील तर १८७४ च्या वतन कायद्याखाली झालेली वतन रजिस्टरं आहेत, त्यांत प्रतिनिधी वतनदार आणि त्याच्या भाऊबंदांच्या तक्षिमा येतात. हिस्से आण्यांत लिहिलेले असतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण. 'चार आणे तक्षीम' म्हणजे चौथा भाग, त्यावरून मूळ भाऊ चार होते का हे पडताळता येतं. पुढे परगणे आणि कुळकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, मुलकी पाटलांची १९६२ च्या कायद्यानं. या रद्द होण्याच्या वेळच्या फाइलींतही वंशावळी जोडलेल्या असतात आणि त्या शोधायला सोप्या, कारण नव्या.

सगळा महाराष्ट्र एका साच्यात बसत नाही

वर सांगितलं ते मुंबई इलाख्याचं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे सातबाऱ्याच्या मागे १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पत्रक, त्यामागे सेतवार, आणि भाषा उर्दू किंवा फारसी. वर्षं फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षात. मोडी येऊनही तिथे पुरत नाही. उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो बहुधा जवळच्याच गावात निघतो.

नागपूर विभाग मध्य प्रांतात होता, तिथे मालगुजारी. मालगुजाराच्या घरासाठी बंदोबस्ताच्या (सारा ठरवण्याच्या) मिसली म्हणजे फाइली, वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रिवाजांची नोंद, आणि १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हाचे कागद बघावे. वऱ्हाड मात्र याहून वेगळं. ते निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांकडे आलं आणि तिथे मोजणी मुंबईच्या रयतवारी धर्तीवर झाली. अकोल्याचा माणूस नागपूरची पद्धत घेऊन बसला तर फसतो.

कोकणात खोती. १८८० चा खोती कायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, आणि या दोहोंच्या मधले असंख्य दावे. खोताच्या घराण्याचा शोध घेताना बोटखत (खोती गावातल्या कसणाऱ्यांची नोंद) आणि कोर्टाचे निकाल सगळ्यात बोलके.

आणि पूर्वज कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, असेल तर? तर त्याचं नाव मालकाच्या रकान्यात नसतं, 'इतर हक्क'मध्ये असतं. १९४८ च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्यानंतर कलम ३२-ग खालच्या चौकशा झाल्या. त्या फाइलींत कूळ किती पिढ्या रान कसत होतं याचे जबाब असतात. आपल्या घरच्या कुळांची नावंही आपल्या इतिहासात लिहावीत असं माझं ठाम मत आहे. रान त्यांच्या हातांनी राखलं गेलं.

पेशवाईत उतरायचं तर

पुण्याचं पुराभिलेखागार म्हणजे लोकांच्या तोंडचं पेशवे दप्तर. कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद, आणि असे रुमाल हजारोंनी. तिथे थेट आडनाव सांगून काही मिळत नाही. गाव, तर्फ, परगणा आणि सुभा ही जुनी पत्त्याची साखळी हवी. तुमचं गाव आज ज्या तालुक्यात आहे त्याच परगण्यात ते होतं असं नाही. ती साखळी आधी जुळवा. घराण्याच्या शोधाला तिथलं जमाव दप्तर आणि प्रांत अजमास या दोन शाखा विशेष कामाच्या. जमाव दप्तरात इनाम कमिशनच्या काळात गोळा केलेले जिल्ह्याजिल्ह्यांचे कागद आहेत, प्रांत अजमासमध्ये गावांचे हिशेब.

काय मागायचं? पहिलं, थळझाडा. जुन्या गावाची जमीन थळांमध्ये विभागलेली असे आणि थळाला ते वसवणाऱ्या मूळ घराण्याचं, म्हणजे जथ्याचं नाव असे. मिरासदाराला थळकरी म्हणत ते यामुळेच. एखादं घराणं निपुत्रिक संपलं किंवा परागंदा झालं की त्याची जमीन 'गतकूळ' म्हणून लिहिली जाई. थळाचं नाव मात्र तेच राही. आता सुरुवातीला टिपलेलं ते दुसऱ्या आडनावाचं रान आठवा. तुमच्या पूर्वजाला ते गतकुळाच्या थळातून मिळालं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर गावानं करून दिलेलं मिरासपत्र कुठेतरी असू शकतं, आणि तुमचं घराणं गावात कधी आलं याचा तोच सगळ्यात चांगला पुरावा.

दुसरं, महजर आणि निवाडपत्रं, म्हणजे तंट्यांच्या निकालाचे कागद. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या आणि परिसरातल्या हक्कदारांच्या सभेपुढे, जाई. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे वतनदार बसत आणि दोन्ही पक्ष आपापला करीना सांगत. करीना म्हणजे आमचा अमका पूर्वज कुठून आला, त्याला मुलगे किती, थोरला कोणता, दुष्काळात कोण गेला, कोण परतला, अशी सगळी हकीकत. त्याखाली निशाण्या: पाटलाचा नांगर, बाकीच्यांची आपापल्या कामाची हत्यारं. निरक्षर पूर्वजाच्या हातची खूण कागदावर पहिल्यांदा दिसते तेव्हा काय वाटतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

करीना वाचताना एवढं लक्षात असू द्या की तो फिर्यादीतला जबाब आहे. जो तो आपणच थोरल्या शाखेचे असं सांगणार. विरुद्ध पक्षाचा करीनाही वाचा. दोघांनाही मान्य असलेल्या पिढ्या विश्वासाच्या, वादातल्या पिढ्या पेन्सिलीनं लिहायच्या.

मोडीला घाबरू नका. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, पुराभिलेख संचालनालयाचे आणि अनेक संस्थांचे वर्ग चालतात. खरा वेळ सरावाला लागतो, कारण मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. आधी एकाच कुळकर्ण्याच्या हातचे कागद वाचत रहा, दहा हातांचे एकेक नको. मायना आणि ठरावीक शब्द पाठ झाले की निम्मा कागद ओळखीचा होतो: मौजे, कसबे, तर्फ, परगणे, मोकदम म्हणजे पाटील, 'बिन' म्हणजे मुलगा, 'कोम' म्हणजे बायको, मराठवाड्या-विदर्भाकडे 'वलद' आणि 'जौजे'. 'राणोजी बिन बाबाजी' म्हणजे बाबाजीचा मुलगा राणोजी. आडनाव असेलच असं नाही.

तारखांचं गणित एकदा नीट बसवून घ्या. शके असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या सुमारास इंग्रजी साल बदलल्यावर चैत्रापर्यंत ७९. सुहूर सन अरबी शब्दांत येतो आणि मृग नक्षत्राला बदलतो. त्यात ५९९ मिळवा, जानेवारीनंतर मृगापर्यंत ६००. उदाहरणार्थ 'खमस सितैन मया व अलफ': खमस पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६५, म्हणजे इ.स. १७६४-६५. दख्खनी फसलीला ५९० किंवा ५९१. तारखेपुढचं 'छ' हे चंद्राचं, पुढे मुसलमानी महिना येतो. जमिनीचं माप बिघ्यात असेल तर वीस पांड म्हणजे एक बिघा आणि बहुतेक ठिकाणी १२० बिघे म्हणजे एक चाहूर. बिघ्याचा एकर करण्याची घाई नको, काठीची लांबी जागोजाग वेगळी होती.

पुण्याखेरीज मुंबई, कोल्हापूर आणि नागपूर इथेही सरकारी पुराभिलेखागारं आहेत. पुण्यातलं १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इथे खाजगी घराण्यांची दप्तरं आहेत. तुमच्या घराण्याचं दप्तर नसलं तरी तुमच्या परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांचं असू शकतं, आणि त्यात तुमचं गाव असतं.

जमिनीबाहेरचे साक्षीदार

कोतवाल बुक. गावात जन्म आणि मृत्यूची नोंद कोतवालाच्या माहितीवरून होई, गाव नमुना चौदा. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, मृत्यूचं कारण. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. शिंदे समितीचं काम झालं तेव्हा या वह्या जिल्ह्याजिल्ह्यांत बाहेर निघाल्या आणि अनेक ठिकाणी स्कॅन झाल्या. कारण कोणतंही असो, घराण्याचा शोध घेणाऱ्याला त्याचा मोठा फायदा झाला. १८९६ नंतरचा प्लेग, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ या वर्षांची पानं वाचताना एकाच घरातले चार मृत्यू ओळीनं दिसतात, आणि नंतरचे वारस फेरफार अचानक विधवांच्या नावानं का झाले ते उलगडतं. शाळेचं जनरल रजिस्टरही बघा, जुन्या प्राथमिक शाळांत ते एकोणिसाव्या शतकापर्यंत जातं.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा वेगळाच खजिना. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया. पूर्वज श्राद्धाला किंवा यात्रेला गेला असेल तर उपाध्यायाच्या नामावळीत त्याचं, त्याच्या बापाचं, भावांचं, कधी बायकांचंही नाव असतं. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगून विचारावं. मूळ गाव महत्त्वाचं, सध्याचं नव्हे. दक्षिणा द्या, वहीचा फोटो परवानगीनंच काढा. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारे फिरस्ते, सुगीनंतर घरोघर येत आणि वंशावळ म्हणून दाखवत. तुमच्या भागात अजून येत असतील तर या वर्षी त्यांना बसवून घ्या, चहा द्या, रेकॉर्डिंग करा. त्यांच्याकडे फांद्या तपशिलात असतात, तारखा नसतात. सरकारी कागदात तारखा असतात, फांद्या तुटक. दोन्ही शेजारी ठेवले की चित्र पुरं होतं.

खरेदी-गहाणासाठी दुय्यम निबंधकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांची यादी. १८७५ मध्ये सुपे आणि आसपास सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या तो काळ, आणि त्यानंतरचा कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीचा १८७९ चा कायदा. त्या सुमारास तुमच्या घरचं रान सावकाराकडे गेलं असेल तर कोर्टाचा कागद झालेला असू शकतो.

जुळवताना होणारी चूक

सगळ्यात मोठी चूक एकच: एका नावाची दोन माणसं एक समजणं. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे बाबाजी बिन राणोजी, राणोजी बिन बाबाजी, पुन्हा बाबाजी बिन राणोजी. १८४० चा बाबाजी आणि १९०० चा बाबाजी एकच धरला तर दोन पिढ्या गडप होतात. उलट चूकही होते: दत्तक गेलेला मुलगा नाव आणि बाप दोन्ही बदलतो आणि एकाच माणसाची दोन माणसं होतात. चुलत घराण्यातही तीच नावं त्याच काळात असतात. यावर उपाय जमिनीचाच. प्रत्येक नावापुढे सर्व्हे नंबर लिहा. नाव तेच, नंबर वेगळा, तर माणूस वेगळा समजायचा, जोवर कागद उलट सांगत नाही तोवर.

तक्ता करताना चार रकाने पुरतात: नाव जसं लिहिलं आहे तसंच, बापाचं नाव, नंबर किंवा थळ, आणि कोणत्या कागदात कोणत्या साली. कागदात नाव अशुद्ध असेल तरी दुरुस्त करू नका. ऐकीव गोष्टींना वेगळा रंग द्या, पण टाकून देऊ नका. बायकांसाठी निराळा रकाना ठेवा. कागदात त्या फक्त 'कोम' म्हणून येतात, तरी त्यांचं माहेरचं गाव सोयरिकीच्या आठवणीतून मिळतं. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावं येऊ लागतात, आणि हक्कसोडपत्रांत त्यांच्या सासरचे पत्तेही.

हे करताना भाऊबंदांत कुजबुज होणारच की हा जमिनीवर दावा लावायला निघाला आहे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून हेतू सांगा, आणि मिळालेला प्रत्येक कागद प्रत्येक शाखेला द्या. माझ्या अनुभवात यानंतर उलट होतं. ज्या घरानं कागद नाही म्हणून सांगितलं होतं, तेच घर दोन महिन्यांनी पिशवी घेऊन येतं.

शेवटी टिपणाची नक्कल हातात घेऊन त्या रानात जा. टिपणावरचा ओढा, बांधाचं वळण, जुनी विहीर जागेवर ताडून बघा. गावातला एखादा वयस्कर माणूस बरोबर घ्या आणि त्याला रानांची नावं म्हणायला सांगा. थळझाड्यातलं नाव त्याच्या तोंडून आलं तर त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, तारीख घालून ते लिहून ठेवा.